इंजिन बसवणारा माणूस

आमचं गाव दिंद्रुड. बीड जिल्हा, माजलगाव तालुका. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की गावातल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांनी तो फक्त पिक्चरमध्ये पाहिलाय. पाणी म्हटलं की आम्हाला आठवते ती विहीर, बोअर आणि फार तर सिंदफणेवरचं माजलगावचं धरण. अशा गावच्या मुलानं आगबोटी बांधणाऱ्या माणसावर लेख लिहायला घेतला म्हणून होस्टेलमध्ये थोडी थट्टा झाली. म्हणून आधी कारण सांगतो आणि मग मुद्द्याकडे वळतो.

माझा रूम पार्टनर कोकणातला. त्याच्या वडिलांची शिडाची लहान होडी आहे. वारा पडला की वल्ही मारत यावं लागतं आणि वडिलांचं वय आता वल्ह्यांचं राहिलेलं नाही. त्या होडीला मागच्या बाजूला एक छोटी आउटबोर्ड मोटर बसवायची, शीडही ठेवायचं आणि हाच आपला प्रोजेक्ट करायचा, असं त्यानं ठरवलं. मी त्यात सामील झालो. ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं मत पडलं की यात इंजिनिअरिंग ते काय? मोटर बाजारातून आणायची, चार बोल्ट आवळायचे. हे फिटरचं काम आहे, इंजिनिअरचं नाही.

हा फिटर शब्द मला लागला. कारण आमचे काका आयुष्यभर तेच करत आले. दिंद्रुडच्या आसपास विहिरींवर ऑइल इंजन बसवायचं, पंपाला जोडून द्यायचं. लहानपणी त्यांच्यामागे पाने घेऊन मी हिंडलोय, त्यामुळे बसवणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. इंजन पाच हॉर्सपॉवरचं असो नाहीतर दहाचं, पंप पाण्याच्या पातळीपासून वीस-बावीस फुटांहून वर ठेवला तर पाणी ओढत नाही, कारण हवेचा दाब त्याहून जास्त काही करू शकत नाही. फाउंडेशन कच्चं असलं तर बोल्ट तुटतात. इंजन आणि पंप एका रेषेत नसतील तर बेअरिंग महिनाभर टिकत नाही. काकांना यातलं एकही सूत्र लिहून दाखवता येणार नाही, पण त्यांनी बसवलेलं इंजन हलत नाही.

प्रोजेक्टचा पहिला चॅप्टर लिहायचा म्हणून लाकडी होडीवर इंजिन चढवण्याचा इतिहास शोधायला लायब्ररीत बसलो आणि तिथं एक नाव सापडलं. या माणसानं आपल्याच मुंबईत, १८३३ साली, साठ टनांच्या एका लाकडी बोटीवर वाफेचं इंजिन बसवलं आणि पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीचा तो पहिला भारतीय फेलो झाला. त्यांचं नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया. श्रीनिवास रामानुजन फेलो झाले ते १९१८ मध्ये, म्हणजे अर्देशीर यांच्यानंतर तब्बल ७७ वर्षांनी. रामानुजन आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. अर्देशीर किती जणांना माहीत आहेत, हे आपल्या मेसमध्ये विचारून बघा.

सागवानातलं घराणं

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला. घराणं पारशी, धंदा जहाजं बांधण्याचा. वाडिया या आडनावाचा अर्थच मुळी जहाज बांधणारा असा आहे. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे सुरतेचे कारागीर. ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना १७३० च्या दशकात मुंबईला आणलं. त्यांच्या देखरेखीखाली मुंबईत गोदी उभी राहिली आणि १७५० मध्ये तिथं आशियातली पहिली सुकी गोदी बांधायला घेतली गेली. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षं मुंबईच्या गोदीवर मुख्य कारागीर म्हणून याच घराण्यातली माणसं एकामागून एक येत राहिली.

त्यांचं लाकूड सागवान. इंग्लंडमध्ये जहाजं ओकची असत. ओकमधल्या आम्लानं लोखंडाचे खिळे गंजतात. सागातलं तेल उलट लोखंडाला जपतं. फळीला फळी नुसती टेकवायची नाही, तर कडेला खाच पाडून एकमेकींत घट्ट बसवायची, अशी सुरत-मुंबईची पद्धत होती. त्यामुळे मुंबईची जहाजं टिकायची. ब्रिटिश आरमारासाठी जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेलं त्रिंकोमली हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथं तरंगतंय आणि लोक तिकीट काढून ते बघायला जातात. त्याच गोदीतून १८१३ मध्ये उतरलेल्या कॉर्नवॉलिस या जहाजावर १८४२ मध्ये इंग्लंड आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला.

आता हे सगळं सांगण्याचं कारण असं, की अर्देशीर ज्या घरात जन्मले तिथं लाकूड, शीड आणि दोर यांच्या बाबतीत शिकायचं काही शिल्लक राहिलेलं नव्हतं. वडील कर्सेटजी रुस्तमजी याच धंद्यात. १८२२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, अर्देशीर गोदीत कामाला लागले. म्हणजे आपण आठवी-नववीत असतो त्या वयात. आजोबा-पणजोबांनी आखलेल्या वाटेनं ते सरळ चालले असते तरी मोठेच झाले असते. पण या मुलाचं लक्ष भलतीकडेच लागलं. त्याला वाफेच्या इंजिनाचं वेड लागलं.

वाऱ्याची सत्ता संपताना

तो काळ समजून घ्यायला हवा. शिडाच्या जहाजाला पावसाळ्यात अरबी समुद्रातून तांबड्या समुद्राकडे जाणं जवळजवळ अशक्य. वारा समोरून येतो. इंग्लंडची टपाल आफ्रिकेला वळसा घालून यायची, त्याला महिनोन्‌महिने लागत. वाफेनं हे चित्र बदलता येईल का, हे बघण्यासाठी मुंबईच्या गोदीतच ह्यू लिंडसे ही ४११ टनांची आगबोट बांधली गेली. तिच्यात ऐंशी-ऐंशी अश्वशक्तीची दोन इंजिनं होती. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि महिन्याभरात सुएझला पोचली. बोटीत कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा आणि एडनपर्यंतच अकरा दिवस लागणार होते. म्हणून जिथं जागा मिळेल तिथं कोळसा भरला. बोट इतकी खोल बसली की निघताना चक्रं नीट फिरेनात.

अर्देशीर तेव्हा एकवीस वर्षांचे. इंजिनं तयार होऊन येत इंग्लंडहून, चालवणारे इंजिनिअर इंग्लंडचे, दुरुस्ती करणारेही तेच. मुंबईच्या कारागिरांकडे काय राहणार? फक्त लाकडाचं खोकं. आणि जसजशी लोखंडी बोटी येतील तसं ते खोकंही जाणार. घराण्यातल्या एखाद्या तरुणानं हे बघून नव्या यंत्राचा राग केला असता तर त्यात आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. अर्देशीर यांनी मात्र ते यंत्र उघडून आतून बघायचं ठरवलं.

त्यासाठी मुंबईत ना कॉलेज होतं ना वर्कशॉप प्रॅक्टिस. त्यांनी घरीच लहानशी ओतशाळा उभी केली. एक अश्वशक्तीचं छोटं वाफेचं इंजिन स्वतः तयार केलं. भारतीय माणसानं इथं बनवलेल्या सुरुवातीच्या इंजिनांत त्याची गणना होते. आणि मग १८३३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी स्वतः आखलेली साठ टनांची एक बोट बांधून पाण्यात सोडली. तिचं नाव इंडस, म्हणजे सिंधू. तिच्यासाठी इंजिन मागवलं विलायतेहून. त्याच वर्षी माझगाव गोदीत साहाय्यक जहाजबांधणीकार म्हणून त्यांची नेमणूक झाली.

बसवणं म्हणजे काय?

इथं थोडं थांबू या. इंजिन विकतचं, मग अर्देशीर यांनी केलं काय? नुसतं बसवलं! आमच्या प्रोजेक्टवर हीच टीका झाली होती, म्हणून हा भाग मी जरा सविस्तर लिहितो.

शिडाची होडी ही एका वेगळ्या हिशेबावर उभी असते. वाऱ्याचा जोर वरून, डोलकाठीवर येतो. तो सोसायला तळाला वजन हवं, आणि ते वजन पसरलेलं हवं. आता तिच्यात तुम्ही बॉयलर, पाणी, कोळसा आणि ओतीव लोखंडाचं इंजिन ठेवलंत. सगळं वजन एका जागी आलं. लाटेवर होडी वर-खाली होते तेव्हा दोन्ही टोकं हलकी आणि मध्यभाग जड, त्यामुळे कणा वाकायला बघतो. इंजिनाचे दणके प्रत्येक फेऱ्याला फळ्यांच्या सांध्यांवर बसतात, आणि सांध्यात ठासून भरलेलं दोर-राळेचं सारण सैल झालं की पाणी आत. म्हणून इंजिनाखाली आडवे-उभे जाड ओंडके घालून तो भार लांबपर्यंत वाटून द्यावा लागतो. आमच्या विहिरीवरच्या फाउंडेशनचंच हे काम, फक्त इथं जमीन स्वतः हलत असते.

दुसरी अडचण आगीची. लाकूड, राळ आणि दोर यांनी भरलेल्या खोक्यात तुम्ही भट्टी पेटवणार.

तिसरी गोष्ट चक्रांची. १८३३ मध्ये आजच्यासारखा पंखा बोटींना लागत नव्हता. तो पुढे पाच-सहा वर्षांनी चालू लागला. तेव्हाच्या आगबोटींना दोन्ही अंगांना मोठी चक्रं असत. शीड उभारलं की बोट एका कुशीवर कलते. कललेल्या बाजूचं चक्र पाण्यात खोल बुडतं आणि दुसरं हवेत फिरतं. म्हणजे शीड आणि इंजिन एकाच बोटीत एकमेकांचे वैरी होऊन बसतात. त्यांची सोयरीक जुळवायची असेल तर बोटीची रुंदी, वजनाची जागा, चक्राची उंची हे सगळं एकमेकांना धरून ठरवावं लागतं.

चौथं, खारं पाणी. त्या काळी बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी घालत. ते आटलं की मीठ साचतं, पत्रा तापून फाटतो. म्हणून मधूनमधून खारट झालेलं पाणी बाहेर सोडून नवं घ्यावं लागे आणि त्याबरोबर उष्णताही वाया जाई.

आता सांगा, हे प्रश्न फक्त लाकूड जाणणाऱ्याला सुटतील का? नाही. फक्त इंजिन जाणणाऱ्याला? तेही नाही. ज्याच्या एका हातात रंधा आणि दुसऱ्या हातात पाना आहे, त्याच माणसाचं हे काम. मुंबईत १८३३ मध्ये असा माणूस म्हणजे अर्देशीर.

माझगावचा उजेड आणि विलायतेची वारी

बोटीनंतर दुसऱ्याच वर्षी, १८३४ मध्ये, त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. गॅस तयार करण्याचं छोटं यंत्रघर घरचंच, कामगार इथलेच. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले ते १८६५ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. शिवणयंत्र, फोटोग्राफी, इलेक्ट्रोप्लेटिंग, वाफेच्या पंपानं पाणी उपसणं, या सगळ्या गोष्टी मुंबईत पहिल्यांदा आणण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. १८३७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीनं त्यांना सभासद करून घेतलं.

तरी त्यांच्या मनात एक गोष्ट सलत असावी, असं त्यांच्या पुढच्या पावलावरून वाटतं. आतापर्यंतचं सगळं पुस्तकं वाचून आणि हात भाजून घेऊन शिकलेलं. इंजिनं जिथं जन्माला येतात ती जागा बघितल्याशिवाय भागणार नव्हतं. १८३८ मध्ये घराण्यातलेच जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघं जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले होते. १८३९ मध्ये अर्देशीरही निघाले. तांबडा समुद्र, मग जमिनीवरून इजिप्त, मग पुन्हा समुद्र, असा तेव्हाचा रस्ता. तिथं जवळपास वर्षभर त्यांनी गोद्या, ओतशाळा आणि यंत्रांचे कारखाने पालथे घातले. या प्रवासाची त्यांची रोजनिशी १८४० मध्ये लंडनमध्ये छापून प्रसिद्ध झाली.

२७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीनं त्यांची फेलो म्हणून निवड केली. आता गंमत बघा. कुठला सिद्धांत मांडला म्हणून ही निवड झाली नाही, की कुठलं नवं यंत्र शोधून काढलं म्हणूनही नाही. त्यांच्या नावाचा जो प्रस्ताव मांडला गेला त्यात मुंबईत गॅसचे दिवे आणल्याचा उल्लेख आहे आणि साठ टनांच्या बोटीला वाफेचं इंजिन जोडल्याचा. न्यूटन ज्या सोसायटीचे अध्यक्ष होते, त्या सोसायटीनं एका बसवण्याच्या कामाची अशी नोंद घेतली. ही ओळ वाचली आणि मी लायब्ररीतून उठून सरळ रूम पार्टनरला शोधायला गेलो.

साहेबांवरचा साहेब

निवड झाली तेव्हा अर्देशीर मुंबईत परतलेही होते. १ एप्रिल १८४१ पासून कंपनीच्या मुंबईतल्या वाफेच्या कारखान्याचे आणि ओतशाळेचे मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक म्हणून त्यांनी सूत्रं हाती घेतली. वय ३२. त्यांच्या हाताखाली चार युरोपीय फोरमन, सुमारे शंभर युरोपीय इंजिनिअर व बॉयलर बनवणारे आणि सुमारे दोनशे देशी कारागीर. युरोपियनांच्या डोक्यावर भारतीय वरिष्ठ, ही त्या काळात न ऐकलेली गोष्ट. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रातून शंकाही काढली गेली की शिकलेला असला तरी देशी माणूस युरोपियनांचा कारखाना कसा काय सांभाळणार?

याला अर्देशीर यांनी कागदावर उत्तर दिलं की नाही यापेक्षा महत्त्वाचं हे, की ते त्या खुर्चीवर १८५७ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षं बसले. ज्याचं इंजिन बंद पडतं त्याला वर्तमानपत्र वाचायला वेळ नसतो, त्याला दुरुस्त करणारा माणूस हवा असतो. सरकारी हुकमानं खुर्ची मिळते, पण खालच्या शंभर जणांनी ऐकावं यासाठी कामातलं त्यांच्याइतकं किंवा त्यांच्याहून जास्त यावं लागतं. वर्कशॉपमध्ये ज्यांना स्वतः जॉब करता येत नाही त्यांची काय अवस्था होते, हे आपण सगळेच जाणतो. जास्त लिहीत नाही!

१८४९ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथं त्यांच्या नजरेत भरली ती लाकूड कापणारी यंत्रं. त्यांतली काही विकत घेऊन त्यांनी मुंबईला पाठवली. सुताराच्या घराण्यातला माणूस शेवटी लाकडापाशी येतोच. आणि फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी आणखी एक आगबोट पाण्यात सोडली. तिचं नाव लवजी फॅमिली. आपल्या मूळ पुरुषाच्या घराण्याचं नाव त्यांनी तिला दिलं. पण इंडस आणि हिच्यात एक मोठा फरक होता. इंडसचं इंजिन विलायतेहून आलं होतं. लवजी फॅमिलीचे सगळे भाग अर्देशीर यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. आधी दुसऱ्याचं इंजिन आपल्या बोटीत बसवायला शिकले, मग अठरा वर्षांनी सगळंच आपलं. शिकण्याचा हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

उत्तरार्ध

१ ऑगस्ट १८५७ रोजी ते निवृत्त झाले. पुढच्या वर्षी ते इंग्लंडला गेले आणि लंडनजवळच्या रिचमंडला राहू लागले. त्यांचं खासगी आयुष्य सरळ रेषेतलं नव्हतं. मुंबईत पत्नी आवाबाई आणि मुलंबाळं होती. इंग्लंडमध्ये मारियन बार्बर या इंग्लिश स्त्रीबरोबर त्यांचा दुसरा संसार झाला. थोर माणसांची चरित्रं लिहिताना असल्या गोष्टी गाळायची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्या गाळाव्याशा वाटल्या नाहीत. दोन किनाऱ्यांवर घरं असलेल्या माणसाची ओढाताण काय झाली असेल, आणि त्याहून जास्त दोन्ही घरच्या बायकामुलांची, याचा विचार वाचणाऱ्यानं करावा.

१८६१ मध्ये सिंधू नदीवरच्या आगबोटींच्या ताफ्याचे अभियंता म्हणून ते पुन्हा इकडे आले. तरुणपणी ज्या नदीचं नाव बोटीला दिलं त्याच नदीवर नोकरी करायला मिळाली. ते काम संपवून ते रिचमंडला परतले आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तिथंच वारले. १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्यांच्या नावे तिकीट काढलं.

त्यांच्या हयातीतच सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. लोखंडी बोटी आल्या, पंखा आला, इंग्लंडचे कारखाने मोठे होत गेले. मुंबईच्या सागवानी जहाजांचं युग ओसरलं आणि मुख्य कारागिराची वाडिया घराण्याची परंपराही १८८० च्या दशकात थांबली. ज्या यंत्राला अर्देशीर यांनी आपल्या लाकडात जागा करून दिली, त्या यंत्रानं शेवटी लाकूडच बाहेर काढलं. यात त्यांची चूक मला तरी दिसत नाही. वाफ येणारच होती. प्रश्न एवढाच होता की ती आल्यावर मुंबईचा कारागीर फक्त बघत उभा राहणार की तिला हात घालणार.

परत आमच्या होडीकडे

लहान होडीच्या मागे अडकवायच्या मोटरची गोष्टही अशीच हातानं काम करणाऱ्या माणसाची आहे. ओली एव्हिनरुड हा १८७७ मध्ये, म्हणजे अर्देशीर गेले त्याच वर्षी, नॉर्वेत जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. पाच वर्षांचा असताना घरच्यांबरोबर अमेरिकेत गेला. शेतावरच वाढला, पोरवयात त्यानं स्वतः शिडाची होडी बांधली, मग कारखान्यांत काम शिकला आणि १९०९ मध्ये दीड अश्वशक्तीची, साधारण २८ किलो वजनाची मोटर बाजारात आणली. त्याच्या आधीही अशा मोटरी होत्या, पण खपली ती त्याची. हिशेब आणि जाहिरात बघायची त्याची बायको बेस.

आमच्या होडीची पाण्यातली लांबी सुमारे १८ फूट. अशा होडीला स्वतःच्याच लाटेची एक मर्यादा असते. फुटांमधल्या लांबीचं वर्गमूळ काढून त्याला १.३४ नं गुणलं की नॉट्समधला साधारण कमाल वेग मिळतो. १८ चं वर्गमूळ ४.२४, म्हणजे वेग सुमारे ५.७ नॉट्स, ताशी साडेदहा किलोमीटर. याच्या पलीकडे कितीही हॉर्सपॉवर लावा, पुढचं टोक वर उठतं, मागचं बसतं, पेट्रोल जळतं आणि वेग मात्र फारसा वाढत नाही. म्हणून लहान मोटरच बरी. होडीचं मागचं टोक निमुळतं, त्यामुळे मोटर अडकवायला सपाट फळीच नाही. तिच्यासाठी बाजूला वेगळा ब्रॅकेट लागतो. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीच्या इंचभर खाली राहायला हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, फार खाली गेली तर पाण्याचा विरोध वाढतो. मागे मोटरचं वजन आणि तिथंच बसलेला माणूस, म्हणून पेट्रोलची टाकी आणि जाळं पुढे सरकवावं लागतं. शीड उभारलं की होडी कलते, तेव्हा मोटर पाण्याबाहेर उचलून ठेवता आली पाहिजे. आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर मोटर दरवेळी गोड्या पाण्यावर पाच-दहा मिनिटं चालवायची, नाहीतर आत मीठ धरतं. वजन, कल, खारं पाणी. अर्देशीर यांच्यापुढचे प्रश्न जवळजवळ सगळे आमच्याही पुढे आहेत, फक्त आग तेवढी डब्यात बंद झाली आहे.

काकांना फोनवरून हे सगळं सांगितलं. होडी त्यांनी जवळून पाहिलेली नाही. तरी त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की ब्रॅकेटच्या मागं फळी किती जाड आहे आणि दणका कशावर वाटून देणार. आमच्या गाइड सरांनीही नेमका हाच प्रश्न विचारला होता.

मित्रहो, सांगायचं ते इतकंच. आपल्यापैकी बरेच जण खेड्यातून आलेत. कुणाचे वडील मोटर रिवाइंडिंग करतात, कुणाचे भाऊ ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये आहेत, कुणाचा मामा वेल्डिंग करतो. होस्टेलमध्ये घरचं हे काम सांगताना आपण आवाज बारीक करतो. करू नका. नवं यंत्र जगात कुठंही तयार होवो, ते आपल्या विहिरीवर, आपल्या होडीवर, आपल्या रानात चालेल असं बसवायचं काम आपल्यालाच करावं लागणार आहे. सुताराच्या घरातल्या एका पंचवीस वर्षांच्या पोरानं ते १८३३ मध्ये करून दाखवलं आहे. आमच्या प्रोजेक्टचा ब्रॅकेट सध्या वेल्डिंग शॉपमध्ये आहे. कुणाला बघायचा असेल तर संध्याकाळी पाचनंतर या.